लालबागच्या शाखेत शून्य नोंदी

अनंत चतुर्दशीच्या रात्री दीडला फोन आला. एका बँकेची दिवसअखेरची बॅच, म्हणजे दिवसभराच्या नोंदींवर एकगठ्ठा चालणारं काम, अर्ध्यात मेली होती आणि लॉगमध्ये एकच ओळ होती, ‘मेमरी संपली’. विसर्जनाच्या जादा लोकल चालू होत्या म्हणून अंधेरीला ऑफिसात पोचलो तरी.

तोवर बँकेच्या अॅडमिनने टोपासचा, म्हणजे मेमरीचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, स्क्रीनशॉट पाठवून ठेवला होता. अर्ध्याहून जास्त मेमरी मोकळी. तरी आमच्या मॅनेजरांनी रॅम वाढवायची मेल टाकलीच. आमच्याकडे कुठलाही आजार रॅमनेच बरा होतो.

हा प्रोग्राम लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतोय. या बँकेचा सर्व्हर मात्र आयबीएमचा, त्यांच्याच युनिक्सवाला, म्हणजे एआयएक्सवाला. तिथे कंपाइल करून दिल्याला तीन आठवडे झाले होते. चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणारा डीबीएक्स लावला, ब्रेकपॉइंटवर थांबून नोंदींची संख्या छापली: 0. शाखा लालबागची. मिरवणुकीच्या गर्दीत दिवसभर शटरच उघडलं नव्हतं. सुट्टीला बॅच चालत नाही, त्यामुळे आधी हे कधी दिसलंच नाही.

शून्य नोंदी, म्हणजे मॅलॉककडे, सी भाषेत मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनकडे, शून्य बाइटची मागणी. लिनक्सची सी लायब्ररी ग्लिबसी अशा वेळीही एक पत्ता हातावर ठेवते, एआयएक्स नल, म्हणजे रिकामा पत्ता, देतं. सीच्या 1989च्या स्टँडर्डपासून दोन्हीला मुभा आहे. भांडायचं कुणाशी?

नल आला की ‘मेमरी संपली’ लिहून बाहेर पडणारा चेक माझाच. नव्या पोरांना कौतुकाने दाखवायचो. तो नसता तर नोंदींवरचा लूप एकदाही फिरला नसता, मेमरी परत करणाऱ्या फ्रीला नल दिलेला चालतोच, आणि बॅच पहाटेपर्यंत आटोपली असती. निष्काळजी कोड तरला असता, माझा सावध कोड बुडाला. हे अजून पचत नाहीये.

सीनियर फोनवर म्हणाले, “तो लिनक्ससारखं वागायला लावणारा मॅक्रो मेकफाइलमध्ये टाक आणि झोप.” असा मॅक्रो, म्हणजे मेकफाइलमधून कंपाइलरला द्यायची खूण, एआयएक्सवर खरंच आहे. त्या रात्री टाकला, बॅच गेली. दुसऱ्या दिवशी काढला. उद्या तिसऱ्याच युनिक्सवर गेलो तर तिथे कुठला मॅक्रो शोधू? एकेक मॅलॉक गाठून शून्य आल्यास एक बाइट मागायला लावलं. घेतलेल्या मेमरीचं माप बदलणाऱ्या रिअलॉकची भानगड त्याहून मोठी. शून्य मापाचा रिअलॉक सीच्या नव्या स्टँडर्डने, सी23ने, थेट अनडिफाइन्ड, म्हणजे काय होईल याची हमी नसलेला, ठरवलाय, आणि आमच्या जुन्या मंडळींनी तो फ्रीच्या जागी बिनधास्त वापरलाय. सात फायली झाल्या, बाकीच्या पडून आहेत.