उखाणा घेऊ नको, घाल!

आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा होता. एरवी त्यावर ‘उद्या पाणी येणार नाही’ असली शुभवर्तमानं असायची. गणपतीचे दहा दिवस मात्र तो कोड्यांचा. सकाळच्या आरतीआधी मास्तर (मास्तर नव्हेत, गिरणीत कारकून होते, पण अक्षर वळणदार म्हणून मास्तर) रोज खडूने एक कोडं लिहायचे. खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात उत्तराची चिठ्ठी टाकायची. रात्री खिरापत वाटून झाली की डबा उघडायचा आणि बरोबर उत्तरांतून एक चिठ्ठी उचलायची. बक्षीस म्हणजे मंडळाचं नाव कोरलेली स्टीलची वाटी.

गिरगावातला गणपती म्हटला की लोक केशवजी नाईकांच्या चाळीचं नाव घेतात, १८९३ सालचं. आमचं मंडळ त्यापुढे पोरसवदा, मूर्तीही हातभरच. पण फळ्यासमोर सकाळी जी झुंबड उडायची, तिच्यापायी दूधवाल्याला जिना चढता यायचा नाही.

‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हणजे दात नि जीभ, ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हणजे चांदण्या नि चंद्र, हे आम्हाला पाळण्यातच पाजलेलं. असलं काही फळ्यावर दिसलं की आज मास्तरांना बरं नाही असं समजायचं. खरी गंमत उलटसुलट वाक्यांच्या दिवशी. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’. कुठूनही वाचा, तेच. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ‘चिमा काय कामाची’ टाकलं आणि मास्तरांनी ते बाद केलं. का, तर पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. काका भडकले. ‘उलटं वाचताना वेलांटी कोण बघतं हो?’ ‘मी बघतो,’ मास्तर म्हणाले. रात्रीचे अकरा वाजले तरी मिटेना. शेवटी गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, ‘त्या चिमाला आमच्याकडे पाठवा, भांडी पडलीत!’ तेव्हा कुठे मंडळी पांगली. मास्तरांचंच बरोबर होतं, असं माझं आजही मत आहे.

तळमजल्यावरच्या आजी राजापूरकडच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोड्यांचं गाठोडं सगळ्या चाळीत मोठं त्यांचंच. त्या कोड्याला उखाणा म्हणत. हे काही त्यांचं चुकत नव्हतं. मोल्सवर्थच्या कोशातही उखाणा म्हणजे कोडं असं दिलेलं आहे. पण साताऱ्याकडून नवी आलेली सून कोश वाचून थोडीच आली होती? गौरीजेवणाच्या संध्याकाळी आजी तिला म्हणाल्या, ‘सूनबाई, घाल गो एक उखाणा.’ बिचारीने पदर सावरला, मान खाली घातली आणि ‘भाजीत भाजी मेथीची’पासून सुरू करून नवऱ्याचं नाव घेतलं.

‘अगो, नाव कशाला घेतलंस? उखाणा घेऊ नको, घाल!’

मग तिच्या लक्षात आलं. जरा विचार करून म्हणाली, ‘कोकणातनं आला भट, धर की आपट.’ अख्खी चाळ कोकणातली. सगळे एका सुरात ‘नारळ!’ म्हणाले. ती मान हलवते आणि हसू दाबते. उत्तर काही सांगेना. तेवढ्यात समोर बसलेलं एक पोर फुर्रकन नाक वर ओढतं झालं, आणि तिने पदर तोंडाला लावून नुसतं त्याच्याकडे बोट दाखवलं. आजींना हसता हसता ठसका लागला, पाणी आणावं लागलं.

त्याच वर्षी मास्तरांनी एक दिवस फळा आम्हा मुलांना दिला. मी तेव्हा सातवीत. कोडं मी स्वतः रचलं होतं:

तीन अक्षरी मी.
डोकं उडवा, कवठात सापडेन.
शेपूट तोडा, दारं-खिडक्या करा.
पोट काढा, भातावर वाढा.

दुपारी आजींनी मला हाक मारली. ‘काय लिहिलंयस ते तोंडाने सांग. अक्षरं मला कुठे येतात?’ मी सांगितलं. त्या वाती वळता वळता पुटपुटत राहिल्या. ‘कवठात गर. दारं सागाची... साग, गर. भातावर काय, आमटी? आमटी नव्हे.’ बोटातली वात तशीच राहिली. ‘सार! अगो, सागर!’

त्यांची चिठ्ठी अर्थात मीच लिहून डब्यात टाकली. रात्री नेमकी तीच निघाली. मास्तरांनी ती दिव्यापाशी धरली, माझ्याकडे बघितलं आणि जाहीर केलं, ‘अक्षर कोडं घालणारीचं आहे. बाद!’ मी रडकुंडीला येऊन सांगतेय की उत्तर आजींचं आहे, पण वेलांटी बघणारा माणूस तो, ऐकतोय कशाला. वाटी तिसऱ्या मजल्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आजींचा नातू दारात उभा. हातात झाकलेली वाटी, आत गरम आमसुलाचं सार.

‘आजीने सांगितलंय,’ तो म्हणाला, ‘मधलं काढून पाठवलंय.’