तलावाचा बांध, भाड्याची १५०-६०० आणि पुढे जाणाऱ्यांसाठी लेन्सचा हिशोब

जंगलात पक्षी-प्राण्यांचे फोटो काढायला निघण्याआधी कुठली लेन्स घ्यावी असं ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: "६०० मिमीच्या खाली जाऊच नकोस, पैसे पाण्यात जातील." दुकानात तेच, लेन्स भाड्याने देणाऱ्याकडेही तेच. हा सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट सल्ल्याचा फटका खिशात मोजके पैसे असलेल्यालाच बसतो, कारण त्याला दुसरी लेन्स घेऊन चूक निस्तरता येत नाही. तुम्हाला कॅमेरा चालवता येतो, शटर-अ‍ॅपर्चर-आयएसओ कळतं आणि दोन-तीन किलोचं ओझं घेऊन तासन्‌तास चालता येतं, एवढं गृहीत धरून लिहितोय.

जागा अशी: विरळ झाडीचं गवताळ जंगल, मधोमध तलाव. सकाळ-संध्याकाळ उघड्या गाडीतून फेरी आणि मधल्या वेळात तलावाच्या बांधावरून पायी. लेन्स तीन होत्या. भाड्याने आणलेली १५०-६०० एफ ५-६.३ (पहिले आकडे फोकल लेंथचे, मिमीमध्ये; एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, तो जितका लहान तितका प्रकाश जास्त), एका मित्राची जुनी ३०० एफ ४ आणि दुसऱ्याची मिररलेसवरची (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावरची) हलकी १००-४००. माउंट (लेन्स बॉडीला जोडायची जागा) वेगवेगळे असल्याने बॉडीसकट अदलाबदल करून सगळ्यांनी सगळं वापरून पाहिलं.

पहिला धडा उजाडतानाच मिळाला. हरणांचा कळप झाडांच्या सावलीत उभा होता. ६०० वर अ‍ॅपर्चर ६.३ च्या पुढे उघडत नाही. शटर १/८०० ठेवायचं म्हटलं की आयएसओ ३२०० च्या खाली येईना. त्याच सावलीत ३०० एफ ४ वाल्याचं १२५० वर भागत होतं. एफ ११ ची लेन्स असती तर आकडा दहा हजारांच्या आसपास गेला असता. प्राणी दिसतात ते नेमके या वेळी, आणि दुकानात लेन्स दाखवतात ती भर दुपारी, समोरच्या पाटीवर रोखून. पाटी कान हलवत नाही. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, हरणाची हालचाल नाही. त्यामुळे "यात चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे, अंधारातही चालेल" असं कुणी सांगितलं तर झोपलेल्या प्राण्यापुरतं खरं माना (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणं).

तरीही गाडीतून १५०-६०० ने उत्तम काम केलं, हे सांगायलाच हवं. गाडी रस्ता सोडून जात नाही, प्राणी आपल्या मर्जीने लांब-जवळ होतो, आणि तिथे झूम लागतोच. एकदा हरीण इतकं जवळ आलं की ३०० वाल्याच्या फ्रेममध्ये नुसतं डोकं मावलं. वजन बीनबॅगवर टाकता येतं. तिवई मात्र आणू नका, गाडीत तिचे पाय उघडायला जागाच नसते आणि बाकीच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. रिकामी बीनबॅग न्यायची आणि तिथे पोहोचल्यावर कुठलंही धान्य भरायचं. इंजिन बंद करायला सांगा, दर वेळी सांगा. चालू इंजिनाची थरथर ६०० वर स्पष्ट दिसते.

आता बांध. सगळी माती तिथे झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

बांध लांबलचक, वर एकही झाड नाही. पाणी आटल्याने मधे चिखलाची बेटं उघडी पडली होती आणि पक्षी सगळे तिथे. काठापासून ऐंशी-शंभर मीटर. "६०० आहे ना, मग काय काळजी?" असं म्हणून आम्हाला भर उन्हात पाठवलं. गळ्यात दोन किलोची लेन्स, वर बॉडी. अर्ध्या वाटेत मान भरून आली आणि खांदा बधिर झाला. बेटांवर बगळे रांगेने उभे, प्रकाश भरपूर, शटर १/२०००, आयएसओ खाली. कागदावर सगळं बरोबर. मागच्या स्क्रीनवर मात्र एकाही बगळ्याच्या डोळ्याला धार नाही. फोकस पॉइंट बदलले, स्टॅबिलायझेशन बंद केलं, मोनोपॉड (एका पायाचा टेकू) लावला, मॅन्युअलवर नेलं. काही फरक नाही. ऊन डोक्यावर, पाणी संपलेलं, आणि सोबतचा प्रत्येक जण लेन्स खराब आहे असं ठामपणे सांगत होता.

लेन्स खराब नव्हती. गडबड हवेची होती. तापलेल्या चिखलावरून गरम हवा वर चढते, पाण्यावरची हवा त्यामानाने थंड राहते, आणि दोन्हींमधून येणारा प्रकाश सतत थोडाथोडा वाकत राहतो. तापल्या तव्यावर हवा नाचताना दिसते तसंच, फक्त शंभर मीटर खोल. यावर कुठलीही लेन्स, कितीही महाग असो, काही करू शकत नाही. उलट फोकल लेंथ जितकी जास्त तितकी ही लहर मोठी होऊन दिसते. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढलात तरी हाच प्रकार, आणि थंडीच्या पहाटे कोमट पाण्यावरूनही.

ओळखायचं कसं ते नीट लक्षात ठेवा, यात एका चांगल्या लेन्सचा जीव वाचेल. त्याच स्थिर पक्ष्याचे वीसेक फोटो सलग काढा आणि शंभर टक्के मोठे करून पाहा. काही बरे, काही वितळलेले, एकाची मान वाकडी तर दुसऱ्याची चोच जाड, असं निघालं तर दोष हवेचा. सगळे सारखेच मऊ असतील तर फोकस सरकलाय किंवा लेन्सच तशी आहे. मग दहा-पंधरा मीटरवरच्या झाडाच्या सालीवर तपासा. आमच्या लेन्सने सालीची रेघन्‌रेघ दिली.

त्या बांधावर पुन्हा जायचं तर मी पूर्वेच्या टोकाने उजाडताच सुरुवात करीन, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो, आणि चिखल तापायच्या आत खाली उतरेन. दुपारी बांध वर्ज्य. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. लेन्स कॅमेऱ्याच्या पट्ट्याने गळ्यात अडकवू नका. सगळं वजन बॉडीच्या माउंटवर येतं आणि मानेवरही. लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या, तिवईवर बसवायच्या कड्याला) पट्टा लावून खांद्यावरून तिरका घ्या.

मधला एक पूर्ण दिवस झाडीत गेला, छान गेला. त्यातून लेन्सबद्दल शिकण्यासारखं एवढंच की हलकी १००-४०० वाला सगळ्यात ताजातवाना परतला.

आता हिशोब, कारण "६०० पाहिजेच" या वाक्यात तो कधीच नसतो. छोटा खंड्या पक्षी साधारण १६ सेंमी लांब. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ६०० मिमीने ३० मीटरवरून घेतला तर फ्रेमची रुंदी तिथे सव्वा मीटरच्या आतबाहेर भरते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत पक्षी आठशेएक पिक्सेल. तोच ३०० मिमीने ३० मीटरवरून चारशे. पण ३०० घेऊन १५ मीटरपर्यंत पोहोचलात तर पुन्हा आठशे, वर सव्वा स्टॉपच्या जवळपास जास्त प्रकाश आणि निम्मी हवा. ज्याला पायी फिरायचं आहे, आडोशाला बसायची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी हे पंधरा मीटर फुकट आहेत. मात्र जवळ जाताना पक्षी मान वर करून बघू लागला की थांबायचं, आणि घरट्याच्या बाबतीत जवळ जायचंच नाही. गाडीतून उतरताच येत नसेल तर हे मीटर फुकट नाहीत, आणि तिथे ६०० चा मुद्दा खरा ठरतो.

किंमत कुठून येते तेही समजून घ्या. फोकल लेंथला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागा. ६०० भागिले ६.३ म्हणजे पंचाण्णव मिमी, म्हणून या लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर लागतो. ६०० एफ ४ म्हटलं की १५० मिमीची काच, आणि तिथे आपला विषयच संपतो. ४०० एफ ५.६ ला ७१ मिमी पुरतात, म्हणून ती हलकी. खिसा आणि खांदा दोन्ही याच काचेचे पैसे भरतात.

या वर्गात परवडणारं काय, याची माझी मतं स्पष्ट आहेत. २०१३ च्या शेवटी टॅमरॉनची १५०-६०० आली आणि सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा बरी ६०० पडली. पहिली आवृत्ती वापरलेली आज सर्वांत स्वस्त मिळते, पण तिचं झूम लॉक फक्त १५० वर लागतं. लेन्स खाली टांगून चालताना नळी पुढे सरकणार नाही ती फक्त तिथेच. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी साधारण तेवढ्याच वजनाची, दोन किलोच्या आत. दोघींत झूम रिंगच्या फिरवण्याच्या दिशा उलट आहेत, टॅमरॉनची निकॉनसारखी आणि सिग्माची कॅननसारखी. हाताला ज्या दिशेची सवय आहे ती घ्या, ऐन वेळी उलटी फिरवली की पक्षी गेला. निकॉनची २००-५०० एफ ५.६ ही २०१५ ची, काच फार चांगली, पण २.३ किलो आणि रिंग एका झटक्यात पूर्ण फिरत नाही. गाडीसाठी घ्या, बांधासाठी नाही. कॅननने २०२० मध्ये मिररलेससाठी काढलेल्या आरएफ ६०० आणि ८०० या एफ ११ च्या लेन्स वजनाला आणि किमतीला हलक्या आहेत, पण अ‍ॅपर्चर ११ वर कायमचं अडकलेलं. शिवाय ६०० किमान साडेचार मीटरवर फोकस होते आणि ८०० सहा मीटरवर. उजाडताना जंगलात जाणाऱ्याने त्या घेऊ नयेत. लख्ख उन्हात उघड्यावर पक्षी टिपणाऱ्याने जरूर घ्याव्यात. आरएफ १००-४०० केवळ ६३५ ग्रॅमची, तिचं ४०० वर एफ ८ होतं, तरी पायी फिरणाऱ्या नवख्याला मी तीच सांगेन.

टेलिकन्व्हर्टरबद्दल (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसून फोकल लेंथ वाढवणाऱ्या जोडाबद्दल) एकच: कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट झूमवर २एक्स, म्हणजे दुप्पट करणारा, लावून ६०० करायचा विचार सोडून द्या. कित्येक किट टेलिफोटोंवर तो बसतच नाही, आणि बसला तरी दोन स्टॉप प्रकाश जातो आणि डीएसएलआरचा (आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) ऑटोफोकस चाचपडत राहतो. ३०० एफ ४ वर १.४ एक्स ही गोष्ट वेगळी, ४२० एफ ५.६ मिळते आणि ती खरोखर चालते. माझे पैसे मी या जोडीवरच लावणार आहे.

भाड्याच्या लेन्सचा राग अजून उतरलेला नाही. पुढच्या काचेवर दुकानाने स्वस्त फिल्टर घट्ट बसवून दिला होता, "संरक्षणासाठी, काढू नका" असं बजावून. पहिल्या संध्याकाळी तिरपं ऊन आलं आणि सगळ्या फोटोंवर दुधी पडदा. फिल्टर काढला आणि पडदा गेला. परत करताना हूडवरचा (ऊन अडवायला लेन्सपुढे लावतात त्या कडीवरचा) जुना ओरखडा आमच्या नावावर लावून अनामत रकमेतला मोठा हिस्सा कापला. म्हणून लेन्स ताब्यात घेताना दुकानातच, दुकानदारासमोर, चारी बाजूंनी व्हिडिओ काढा: हूड, माउंट, पुढची-मागची काच, कॉलरचा स्क्रू. फिल्टर तिथेच काढून मागा. ओरखड्यांची नोंद पावतीवर लिहून घ्या. पण भाड्याने घ्याच. एक सकाळ खऱ्या जंगलात काढल्यावर जे कळतं ते दुकानात कळत नाही.

वापरलेली लेन्स घेताना आधी तुमच्या बॉडीशी ती चालते का ते पाहा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींना फोकसची मोटर नाही, त्यांवर स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. उलट डी९० किंवा डी७००० वर एएफ-पी (नव्या प्रकारच्या मोटरच्या) लेन्स फोकसच करत नाहीत. मग काच. दोन्ही टोकांची झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरपं पाहा. धुळीचे चार कण चालतील, जाळ्यासारखी बुरशी नाही. लेन्स खाली धरून झूम आपोआप सरकतो का बघा. सगळ्यात लांबच्या फोकल लेंथवर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून विटांच्या भिंतीचा समोरून फोटो घ्या आणि चारी कोपरे मोठे करून पाहा. एक बाजू मऊ आणि दुसरी धारदार असेल तर आतली काच सरकली आहे. तपासायला तुमची बॉडी आणि रिकामं कार्ड सोबत न्या, आणि विकणारा एवढं करू देत नसेल तर तिथून निघा.