ताबा नको, सही हवी

ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात त्या दिवशी माझी बाजू भक्कम होती. अशील कळव्याची, मुलगी सात वर्षांची. आईवडील लग्न न करता काही वर्षं एकत्र राहिले, मग वेगळे झाले. वडील घणसोलीला राहायला गेले आणि तिथून त्यांनी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज केला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दोघंही हिंदू, म्हणून १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू. त्याचं कलम ६ सांगतं की अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. ‘अशा’ मुलासाठी कायद्यात ‘अनौरस’ हा शब्द आहे. तो मोठ्याने वाचताना अजून माझी जीभ अडते, कारण ते मूल बाहेरच्या बाकावर चित्र रंगवत बसलेलं असतं. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल फाइलीत होताच: अविवाहित आईला, वडिलांना नोटीस न देताही, पालक म्हणून नेमता येतं.

पण वडील ताबा मागतच नव्हते. मुलगी आईकडेच राहू दे. शाळा बदलताना, मोठे उपचार ठरवताना माझीही संमती घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मूल एका घरी, निर्णय दोघांचे. आपल्या कायद्यात यासाठी वेगळी तरतूदच नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण कायद्यात ती उतरली नाही. त्यामुळे न्यायालय १९५६ च्याच कायद्याचं कलम १३ धरून चालतं: मुलाचं हित सर्वांत वर. आणि ते हित शेवटी प्रश्न विचारूनच शोधावं लागतं.

न्यायाधीश मॅडमनी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं. मग दोघांना एकेक करून चेंबरमध्ये बोलावलं, आम्ही वकील होतोच. मुलीला दमा आहे, म्हणून दोघांना प्रश्न एकच: रात्री उबळ आली तर काय करता?

वडील म्हणाले, “उठवून बसवतो. निळा पंप, त्याला ती स्पेसरची नळी लावून. एकदा दाबायचा, मग मी दहापर्यंत मोजतो. घाबरली की ती भरभर श्वास घेते, म्हणून हळू मोजतो.” बोलताना त्यांचा डावा हात मास्क धरावा तसा आपोआप वर आला होता.

आईनेही तेच सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, “मी मोजलं तर ती शांत होत नाही, मॅडम. मग मी त्याला फोन लावते. तो फोनवरून मोजतो.”

अर्ज दाखल झाल्यापासून हे दोघं माझ्यासमोर एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आणि मी, तिची वकील, तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

“मग हरकत कशाला?” मॅडमनी विचारलं.

“सहीचा हक्क दिला की उद्या तो अडवून धरेल. मला बदली पुण्याला मिळाली तर?”

ही भीती खोटी नाही. सही अडवून बाईला नाचवणारे पुरुष मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि मारहाणीचा इतिहास असता तर मी हा तोडगा जिवात जीव असेपर्यंत होऊ दिला नसता. मॅडमनीही ती भीती उडवून लावली नाही. समुपदेशकांसोबत बसून अटी लिहा, म्हणाल्या. दुपारभर आम्ही तेच केलं. राहणं आईकडे. तातडीच्या उपचारात जो जवळ असेल त्याने ठरवायचं. बाकी मोठ्या गोष्टींत पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर आईचा निर्णय कायम.

शाळेच्या कलमात मी सावधपणे लिहिलं होतं, ‘आईने वडिलांना कळवावे.’ कागद तिच्यापुढे सरकवला. तिने दोनदा वाचला, माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘कळवावे’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘विचारावे’.