तुम्ही विचारलंत म्हणून: दारात समुद्र, आणि तुम्ही पाण्यात का उतरत नाही?

आमच्याकडे राहायला आलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस दुसऱ्या दिवशी चहा पिताना हे विचारतंच. घर गुहागर तालुक्यात, हेदवीपासून जवळ, पडवीत बसलं की समुद्र दिसतो, रात्रभर गाज ऐकू येते, आणि घरातलं कोणीच सकाळी उठून टॉवेल घेऊन पाण्याकडे धावत नाही, हे पाहुण्यांना विचित्र वाटतं. कोणाला वाटतं आम्हाला कंटाळा आलाय, कोण विचारतं भीती वाटते का. गरम घावणे वाढता वाढता याचं उत्तर नीट देता येत नाही म्हणून आज बसून लिहिते आहे.

तर आम्ही उतरतो हो, फक्त रोज नाही आणि वाटेल तिथे नाही.

मी लहान असताना आई खडपात कालवं काढायला जायची. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा कातळ, त्याला कालवं चिकटलेली असतात, ती तिथेच फोडून आतला गर डब्यात गोळा करायचा, मान खाली, हात ओले, कंबर वाकलेली, तास दीड तास. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. खाली उतरायच्या आधी ती वरच्या सुक्या दगडावर बसली, कमरेची पिशवी काढली, पान लावलं आणि सावकाश चघळत समुद्राकडे बघत बसली. मी घाई करत होते, चल ना, चल ना. ती म्हणाली, पान संपेपर्यंत नाही. मला वाटलं पानाची तलफ आली असेल. पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की ते पान म्हणजे तिचं घड्याळ होतं. लाटा घोळक्याने येतात, आठ-दहा मिनिटं पाणी पायाखाली लोळत राहतं आणि मग तीन-चार मोठ्या एकामागे एक येतात, आणि हे बघायला पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसावं लागतं, गाडीतून उतरून पाच मिनिटांत कळत नाही. पान थुंकून ती उठायची आणि बोट दाखवायची, ती ओल बघ. कातळावर ओली आणि सुकी अशी रेघ दिसते, ती ओल जिथपर्यंत आली तिथपर्यंत मोठी लाट आली होती आणि परत येणार. आपली पिशवी, चप्पल, पोर सगळं त्या रेघेच्या बरंच वर. आणि बसायचं ते समुद्राकडे तोंड करून, कालवं पाठीमागे असतील तर ती सोडून द्यायची.

पाठ करायची नाही, एवढी एक गोष्ट तिने मला मारून शिकवली आहे. खरंच मारून, एकदा मी वळून शिंपला उचलायला वाकले तर पाठीत धपाटा बसला होता.

आता फोटो काढताना लोक नेमकं हेच करतात, समुद्राकडे पाठ आणि फोनकडे तोंड. हेदवीला उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळ आहे, कातळात चिरलेली एक अरुंद लांब भेग. ओहोटीला बघितली तर काही विशेष वाटणार नाही, पण भरतीला लाट त्या भेगेत शिरते, जागा नाही म्हणून आत दाबली जाते आणि टोकाला आपटून सरळ उभी वर उडते, आधी पोटात बसेल असा धप्प आवाज आणि मग पांढऱ्या पाण्याचा खांब. बघण्यासारखंच आहे ते, मी स्वतः पाहुण्यांना घेऊन जाते. पण कडेचा दगड कायम भिजलेला, त्याच्यावर बुळबुळीत शेवाळ, आणि त्याच्या खाली बारीक धारदार शिंपले चिकटलेले. माणूस घसरला तर वर यायला हात टेकवायचा कुठे, दगड धरला तर तळवे सोलून निघतात आणि तोवर पुढची लाट येते. म्हणून मी लांबूनच दाखवते आणि कोणी पुढे गेलं तर ओरडते. मग त्यांना राग येतो, येऊ दे.

वाळूच्या किनाऱ्याचं वेगळंच. तिथे कातळासारखं काही घाबरवणारं दिसतच नाही आणि मला खरी काळजी तिथलीच वाटते. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात, ते परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या उंचवट्यात जिथे खिंड मिळेल तिथून एकदम बाहेर धावतं. आम्ही त्याला ओढ म्हणतो, इंग्रजीत रिप करंट. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं, म्हणून मुलांना घेऊन माणसं बरोबर तिथेच उतरतात. जोराची ओढ सेकंदाला २ मीटरपर्यंत जाते, चांगला पोहणारासुद्धा तिच्या विरुद्ध किनाऱ्याकडे येऊ शकत नाही, दमतो आणि बुडतो. तिच्यात सापडलं तर झगडायचं नाही, अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, ओढीचा पट्टा संपला की मग लाटांबरोबर आत. आणि ही खिंड दरवर्षी त्याच जागी नसते, कारण पावसाळ्यात समुद्र वाळू खातो आणि थंडीत परत आणून टाकतो, तेव्हा मागच्या वर्षी आम्ही इथेच पोहलो होतो या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

पावसाळ्यात येऊ नका एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, मच्छीमारच जिथे जात नाहीत तिथे आपण कशाला. पण मुरुडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली ती तारीख होती १ फेब्रुवारी २०१६. मालवणच्या वायरीला बेळगावची ८ मुलं गेली ती १५ एप्रिल २०१७ ला. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता. सहलीला म्हणून घरून डबा घेऊन निघालेली पोरं ती. आमच्या वाडीत त्या दोन्ही दिवशी रात्री कोणी टीव्ही बंद केला नाही आणि कोणी धड जेवलंही नाही.

आणि ऊन आहे, वारा नाही, म्हणजे समुद्र शांत असंही नसतं. खूप लांब, दक्षिणेच्या महासागरात वादळ होतं आणि त्याच्या लाटा कित्येक दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येऊन आपटतात, इथे आभाळ अगदी निळं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून उंच लाटांचा इशारा येतो तो यासाठी पण असतो. तो मेसेज आला की मी पाहुण्यांना दाखवते, बाहेर ऊन बघून ते माझ्याकडे संशयाने बघतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अमावस्येनंतरची प्रतिपदा, दुपारचे चार, पाणी उतरत होतं, लांबच लांब स्वच्छ ओली वाळू. आमच्याकडचे एक गृहस्थ कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, मी वरून बघत होते, आणि पुढच्या वेळी बघितलं तर नुसतं डोकं, आणि ते बरंच पुढे. ओरडले नाहीत. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नसतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. त्यांचा भाऊ धावत पाण्यात निघाला, त्याला जाळं सुकवत बसलेल्या तात्यांनी शर्टाला धरून मागे खेचलं, अक्षरशः वाळूत पाडलं, आणि रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरीला बांधून दोघं पोरगे होडीच्या बाजूने आडवे गेले आणि कॅन फेकला. तिसऱ्या फेकीला हाताला लागला. बाहेर काढलं तेव्हा त्या माणसाच्या मुठी कॅनच्या कडीवरून सुटत नव्हत्या, आम्ही एकेक बोट उघडलं. रात्री ते पडवीत बसले होते, कोरा चहा समोर, पिऊन झाला नाही, एवढंच म्हणाले की मला पोहता येतं हो, पंधरा वर्षं पोहतोय. येतंच असेल. मी पण विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकले, पण विहिरीचं पाणी तुम्हाला कुठे नेत नाही. तेव्हापासून आमच्या फाटकाजवळ दोरी आणि दोन रिकामे कॅन कायम टांगलेले असतात, आणि ११२ नंबर मोठ्या अक्षरात लिहिलाय. बुडणाऱ्यामागे रिकाम्या हाताने उडी मारू नका, काहीतरी तरंगणारं फेका, ही एक विनंती मी सगळ्यांना करते, कारण वाचवायला गेलेला दुसरा माणूस जातो असं फार होतं.

आता कधी उतरायचं ते. आमच्याकडे साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पहाटे पण आणि संध्याकाळी पण. त्याच्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन दिवस उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, कालवांना ते चांगलं, द्वितीयेला सकाळी पावणेआठ-आठला खडप पूर्ण उघडं मिळतं. अष्टमीच्या मागेपुढे भांगाची भरती, पाण्याची ये-जा कमी. मिनिटाचा हिशोब नाही हा, अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण शाळेत न गेलेली माझी आई कॅलेंडर बघून हे बोटांवर सांगायची आणि मला तो वारसा वाटतो, आमच्या मुलीला मी तो पाढ्यांसारखा पाठ करायला लावलाय.

आईचे गुडघे गेले, ती आता खडपात उतरत नाही. पण पाहुण्यांची मुलं बादली-फावडं घेऊन फाटकाकडे निघाली की पडवीतून पहिली हाक तिचीच येते, आज तिथी काय गं? मी तिथी सांगते, ती बोटं मोजते आणि मग मुलांना सांगते, आता बसा जरा, अकरा वाजता जा. एक ताई डिसेंबरात येणार आहेत, त्यांनी फोनवर हाच प्रश्न विचारला. त्यांना म्हटलं, षष्ठीच्या सुमारास या, पहाटे साडेचारची भरती, साडेदहाच्या पुढे पाणी उतरून थांबलेलं असेल. मी येईन तुमच्याबरोबर, आधी थोडा वेळ वाळूत बसून बघू आणि मग गुडघाभर पाण्यात जाऊ.