साठा होता, हलवायचा अधिकार नव्हता

पावसाळ्यातली औषधसाठ्याची तपासणी सर्पदंशावरच्या प्रतिविषापासूनच, म्हणजे एएसव्हीपासूनच सुरू करायची असते. त्या दिवशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रातला फ्रीज उघडला, तर एएसव्हीच्या चारच कुप्या. ई-औषधी या साठ्याच्या संगणक प्रणालीवर शिल्लक मात्र २४. औषध निर्माण अधिकाऱ्याचं पद रिकामं असल्यामुळे खर्चाच्या नोंदी सिस्टर महिनाअखेरीला करतात. २० कुप्या वापरून झाल्या होत्या, संगणकावर त्या तशाच शिल्लक होत्या. जिल्हा भांडार शिल्लक पाहून मागणी कापतं, त्यामुळे आधीच्या मागणीपत्रकावर मंजुरी शून्य.

तपासणी चालू असतानाच घोणस चावलेला एक शेतमजूर आला. सूज गुडघ्याच्या वर चढलेली. डॉक्टरांनी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि न हलवता २० मिनिटं ठेवलं. मग नळी तिरपी केली, तर गुठळी नाहीच, रक्त तसंच वाहिलं. विष भिनल्याची ही खूण. अशा वेळी सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात, आणि लहान मुलाला म्हणून त्या कमी करता येत नाहीत, कारण साप माणूस बघून विष सोडत नाही. होत्या त्या चार कुप्या सलाइनमधून सुरू केल्या, रिअॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून अॅड्रेनालिन भरून ठेवलं आणि रुग्णाला १०८ने ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे १८ किलोमीटरवर ६० कुप्या होत्या, त्यातल्या निम्म्यांची मुदत दोन महिन्यांत संपणार होती. रुग्ण वाचला.

या ६०मधल्या २० कुप्या आधीच इकडे का आल्या नाहीत? प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासूनची ही विभागणी. भांडारं दोन, साठा नोंदवह्या दोन, लेखापरीक्षणही वेगळं. आरोग्य खात्याच्या उतरंडीत दोघांवर एकच अधिकारी म्हणजे परिमंडळाचे (काही जिल्ह्यांच्या गटाचे) उपसंचालक. हातउसन्या कुप्या द्यायला कोणी धजत नाही, कारण लेखाआक्षेप आला की वसुली देणाऱ्याच्या नावावर निघते. त्यापेक्षा औषध मुदतबाह्य झालेलं कागदोपत्री सोपं पडतं, आणि मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

दुसरी चूक हिशेबाची. त्या केंद्राचा आदल्या वर्षीचा एएसव्हीचा खर्च, कुप्यांमध्ये, असा: जूनमध्ये १०, जुलैमध्ये २०, ऑगस्टमध्ये शून्य, सप्टेंबरमध्ये १०, उरलेल्या आठ महिन्यांत मिळून ८. एकूण ४८, म्हणजे महिन्याला सरासरी ४ आणि तिमाहीची मागणी १२. पण ऑगस्टमधलं शून्य साठा संपल्याचं आहे, साप कमी झाल्याचं नाही. टंचाईचा महिना सरासरीत धरला की पुढच्या वर्षीची टंचाई आपणच मंजूर करतो. शिवाय १२ कुप्या म्हणजे जेमतेम एका रुग्णाचा पहिला डोस. सहा तासांनी पुन्हा तपासून रक्त गोठत नसेल तर दुसरा डोस लागतो. त्यामुळे या औषधाची किमान पातळी सरासरीवर न ठरवता रुग्णांवर ठरवावी. पावसाळ्यात एका केंद्रात कोणत्याही दिवशी दोन रुग्णांचे पहिले डोस, म्हणजे २० कुप्या, असायलाच हव्यात.

तामिळनाडूने १९९४मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं, त्यातली पासबुकाची पद्धत मला फार मोलाची वाटते. दवाखान्याच्या नावावर रक्कम मांडलेली असते आणि तेवढ्या किमतीची औषधं तो गरजेप्रमाणे गोदामातून उचलतो. आपल्याकडे २०१७मध्ये औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, २०२३मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदीची घडी बसवणं गरजेचं होतंच. पण आलेला माल तालुक्यातल्या तालुक्यात कोणाच्या सहीने हलवायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्या घटनेनंतर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या दोघांनी संयुक्त आदेश काढला. तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक आपसात सह्या करून एएसव्ही हलवू शकतात. बॅच क्रमांक आणि मुदतीची नोंद दोन्ही वह्यांत आणि ई-औषधीवर त्याच दिवशी व्हायला हवी. आदेश ३० सप्टेंबरपर्यंतचाच आहे. भातकापणीत साप निघतातच, म्हणून मुदतवाढीचा आणि असं हलवता येणाऱ्या औषधांत रेबीजची लसही घेण्याचा प्रस्ताव उपसंचालक कार्यालयाकडे गेला आहे.