तुम्ही विचारलंत म्हणून: टॉमीच्या अंगावर नेहरू शर्ट कसा आला

माझ्या लॅपटॉपवर व्हाइस सिटी हा गेम चालू असताना जो कोणी मागून डोकावतो तो एकच विचारतो, अगं हा गेमचा हीरो टॉमी नेहरू शर्ट-पायजमा घालून, डोक्याला टोपी लावून समुद्राकाठी बाइक काय पळवतोय, हे केलंस कसं आणि आमच्याकडे होईल का? चुलत भावंडं विचारतात, ऑफिसातली विचारतात, परवा भाचीच्या मैत्रिणीनं फोन करून विचारलं. दरवेळी अर्धवट सांगून सोडते, आज नीट सांगते.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. जीटीए व्हाइस सिटी २००२ मध्ये आला, पीसीवर २००३ मध्ये, त्यातली गोष्ट १९८६ सालची आणि शहर मायामीवरून बेतलेलं. टॉमी व्हर्सेटी सुरुवातीला निळसर हवाईयन शर्ट आणि जीन्समध्ये असतो. दादा आणि मी शाळेत असताना कराडच्या एका सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन हा गेम खेळायचो, दादाला गाड्या पळवायच्या असायच्या आणि मला कपडे बदलायचे असायचे. एक चीट म्हणजे गुप्त कोड होता, स्टिल लाइक ड्रेसिंग अप, स्पेस न देता सलग टाइप केला की टॉमी रस्त्यावरच्या दुसऱ्याच कुणाच्या तरी रूपात यायचा. माझे अर्धे पंधरा रुपये त्यातच जायचे. आणि गेममध्ये मुळातच सूट, कव्हरऑल म्हणजे अंगभर एकसंध कामाचे कपडे, पोलिसांचा युनिफॉर्म असे कपडे मिळतातच, गुन्हा केला की जितके स्टार तितके पोलीस कडक, पण दोन स्टारपर्यंत असतील तर कपडे बदलले की ते मागे लागायचे थांबतात. पण आपल्याकडचं काहीच नव्हतं त्यात.

बाबांचं कराडला शिवणाचं दुकान होतं, चाळीस वर्षं जेंट्स कपडे शिवले त्यांनी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, मी पुण्याहून घरी आलेली, आणि डोळ्यांमुळे बाबांना सुईत दोरा ओवता येईना झालेला. त्या दिवसांत मी जुना गेम टाकला आणि त्याचं स्किनचं, म्हणजे टॉमीच्या अंगावर चढणाऱ्या चित्रांचं फोल्डर उघडलं.

आता हे लक्षात घ्या की व्हाइस सिटीच्या पीसी आवृत्तीत स्किन बदलायला कुठलंही वेगळं टूल लागत नाही. गेमच्या फोल्डरमध्ये स्किन्स नावाचं फोल्डर असतं, त्यात बीएमपी म्हणजे बिटमॅप चित्राची फाइल टाकायची आणि गेमच्या ऑप्शन्समध्ये जाऊन स्किन निवडायची, बस. ही फाइल म्हणजे एकच चौकोनी चित्र, २५६ बाय २५६ पिक्सेलचं, आणि त्यात टॉमीचा चेहरा, हात, शर्टाचा पुढचा भाग, मागचा भाग, जीन्सचे पाय, बूट सगळं सपाट पसरून ठेवलेलं असतं, ते गेम त्याच्या अंगाला गुंडाळतो. मी पेंटमध्ये ते उघडून बसले होते आणि कुठला तुकडा कुठे जातो ते काही कळेना. बाबा मागून आले, चष्मा वर केला, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अगं हे कापड बेतलंय की. हा पुढा, हा पाठीचा भाग, ही बाही."

तिथून पुढे ते काम माझं एकटीचं राहिलं नाही.

पेंटमध्ये आठशे टक्के झूम करता येतं, एकेक पिक्सेल हरभऱ्याएवढा दिसतो, बाबांना तो स्पष्ट दिसायचा. आधी आम्ही सगळ्या चित्रावर रंगीत चौकटी आखून त्यात नंबर घातले आणि गेममध्ये टॉमीला तसाच उभा केला. मग कॅमेरा फिरवून बघायचं, डाव्या काखेखाली कुठला नंबर आला, कॉलरपाशी कुठला आला, आणि बाबा ते त्यांच्या जुन्या मापाच्या वहीत लिहून घ्यायचे. कुठलाही स्किन करायचा असेल तर हे पहिलं करा, चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, अंदाजानं रंगवत बसलात तर बटणं पाठीवर जातील.

पांढरा रंग भरताना मी सरळ पूर्ण पांढरा घेतला, आणि व्हाइस सिटीच्या उन्हात टॉमी ट्यूबलाइटसारखा दिसायला लागला, घड्या नाहीत, सुरकुत्या नाहीत, नुसता पांढरा ठोकळा. बाबा म्हणाले, पांढरा म्हणजे कुठला पांढरा, मांजरपाटाचा, टेरिकॉटचा की नीळ दिलेला? आम्ही नीळ दिलेला घेतला, म्हणजे थोडा करडा, त्यात निळ्याची किंचित झाक, आणि कोपराच्या आत, काखेत, कमरेपाशी जरा गडद. त्या लहानशा चित्रात बटण म्हणजे दोन पिक्सेल आणि काज म्हणजे एक पिक्सेलची रेघ, त्यामुळे जास्त नक्षी करायला जाऊ नका, लांबून सगळं एकमेकांत मिसळतं.

सगळ्यात जास्त वेळ शिवणींना गेला. पुढचा आणि मागचा भाग बरगडीपाशी जिथे मिळतात तिथे मूळ हवाईयन शर्टाची बारीक निळी रेघ दिसत राहायची, मी शंभर वेळा पुसली तरी टॉमी पळायला लागला की परत. मी तुकड्याच्या कडेला अगदी बरोबर, रेघेवर थांबत होते, हीच चूक होती. बाबांनी विचारलं, "शिवणीला माया सोडली नाहीस का?" कापड कापताना शिलाईसाठी जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, आणि इथेही तेच लागतं, गेम चित्र लहान-मोठं करून दाखवताना कडेच्या शेजारचे पिक्सेल आत ओढतो, म्हणून रंग कडेच्या बाहेर तीन-चार पिक्सेल जास्त भरायचा. माया सोडली आणि निळी रेघ गेली. मी हा सगळा लेख फक्त एवढ्यासाठी लिहिला असता तरी चाललं असतं, कारण मला आलेल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर हेच आहे.

लांबी ही खरी अडचण. बीएमपीनं फक्त रंग बदलतो, आकार बदलत नाही. टॉमीचा शर्ट कमरेला संपतो, नेहरू शर्ट गुडघ्यापर्यंत येतो. आम्ही मांड्याही शर्टाच्याच रंगात रंगवल्या, गुडघ्यावर सावलीची रेघ दिली, बाजूला कट काढले. उभा असताना झकास दिसतो, चालताना शर्टाचे दोन पाय झालेले कळतात. बाह्या मात्र सोप्या, उघडे हात मनगटापर्यंत पांढरे रंगवले की फुल बाही.

टोपी रंगवून येत नाही, तिला मॉडेलच, म्हणजे टॉमीचा थ्रीडी आकारच बदलावा लागतो. ते मॉडेल असतं प्लेअर डॉट डीएफएफ या फाइलमध्ये आणि ती फाइल असते जीटीए३ डॉट आयएमजी या मोठ्या गाठोड्यात. अशी गाठोडी उघडणाऱ्या आयएमजी टूलनं ती बाहेर काढली, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला ड्रॅगनएफएफ नावाचं अ‍ॅडऑन जोडून उघडली. बाबांनी स्वतःची टोपी आणून टेबलावर ठेवली, घडी कुठे, होडीसारखा आकार कसा होतो, टोक किती वर, सगळं पट्टीनं मोजून दिलं. पहिली टोपी अर्धी मानेबरोबर वळायची आणि अर्धी खांद्याबरोबर, कारण ब्लेंडरनं आपल्या मनानं वजनं, म्हणजे कुठला बिंदू मॉडेलच्या कुठल्या हाडाबरोबर किती हलणार ते, वाटून टाकली होती, तर टोपीचे सगळे बिंदू एकट्या डोक्याच्या हाडाला पूर्ण वजनानं जोडावे लागतात. केस टोपीतून वर येत होते, ते थोडे खाली दाबले. आणि टोपीला वेगळं टेक्स्चर, म्हणजे रंगाचं चित्र केलंच नाही, शर्टाच्या पाठीच्या पांढऱ्या भागावरच तिचे तुकडे बसवले, म्हणजे बीएमपी बदलली तरी टोपी बरोबर राहते. बाबा म्हणाले, उरलेल्या कापडात टोपी निघतेच.

आता ज्यांचं चालत नाही त्यांच्यासाठी. स्किन टाकली पण दिसत नाही असं बरेच जण सांगतात, तर ही स्किन फक्त सुरुवातीच्या स्ट्रीट कपड्यांवर लागते, सूट घातलेला असेल तर घरी जाऊन कपडे बदला. जेपीजी फाइलचं नाव बदलून बीएमपी करू नका, पेंटमधून २४-बिट बिटमॅप म्हणून सेव्ह करा. आयएमजी फाइल सेव्हच होत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची खूण आहे का बघा, सीडीवरून आलेल्या फाइलींना ती कधीकधी असते. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे विंडोज तुमचे बदल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, आणि गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की त्याला जुनीच फाइल दिसते, माझे दोन दिवस यात गेले. सरळ डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं फोल्डर करा. आणि २०२१ मध्ये गेमची जी नवी डेफिनिटिव्ह एडिशन आली ती अनरियल नावाच्या वेगळ्याच गेम इंजिनवर आहे, तिच्यात यातलं काहीच चालणार नाही, जुनाच गेम पाहिजे.

मी पहिल्यांदा आयएमजी फाइलची कॉपी न ठेवताच बदल केला होता आणि गेम सुरू होतानाच बंद पडायला लागला, सीडीवर चरे, मग सगळं पुन्हा टाकता टाकता एक अख्खी रात्र गेली. त्यामुळे आधी कॉपी. किंवा सरळ मॉडलोडर नावाचं टूल वापरा, त्याच्या फोल्डरमध्ये डीएफएफ ठेवली की मूळ गाठोड्याला हातच लागत नाही, नको झालं की फाइल काढून टाका.

फाइल कोणाला हवी असेल तर मी देते, पण बाबांची अजून एक तक्रार बाकी आहे. नेहरू शर्टाला बाजूचा खिसा असतो, तो आम्ही उजवीकडेच काढलाय, डावीकडे मूळ चित्रात जागा फार अरुंद आहे. या रविवारी घरी जातेय, मापाची वही त्यांनी काढून ठेवलीय.