छपरावरचा अँटेना

शेजारच्या वाड्याची कौलं उतरवायला आज माणसं आली होती. कौलांच्या आधी लोखंडी पाइप उतरला आणि त्यावरचा अँटेनाही. पुण्याच्या मंगळवार पेठेत असे अँटेने आता फारसे दिसत नाहीत. हातातलं काम टाकून बघायला गेलो.

संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी आमचे नाना छपरावर आणि आई सेटसमोर, हे ठरलेलं.
"आलं का गं?"
"पडद्यावर नुसत्या मुंग्याच आहेत! थोडं किल्ल्याकडं घ्या... आलं, आलं! आता हलवू नका!"

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि १९७३ पासून सिंहगडावरून ते पुण्याला दिसू लागलं. नाना सांगायचे, साताऱ्यात ज्यांनी लवकर सेट घेतले ते उंच पाइप उभारून उत्तरेकडं तोंड करायचे. मधे डोंगर, त्यामुळं चित्र लागलं तर लागलं. पुढं अजिंक्यताऱ्यावर मनोरा उभा राहिला आणि तिथल्या अँटेन्यांच्या साऱ्या आखूड दांड्या दक्षिणेला वळल्या.

त्या दांड्यांचं मला अजून नवल वाटतं. तार जोडलेली असते फक्त वाकवलेल्या एकाच दांडीला. मागची लांब दांडी आणि पुढच्या आखूड दांड्या कशालाच जोडलेल्या नसतात, तरी लहरी तिच्याकडं वळवतात. ही रचना १९२६ सालची, जपानच्या उदा आणि यागी यांची.

सिग्नल वाढवणारा बूस्टर मात्र पुष्कळांनी चुकीच्या जागी लावला. सेटच्या मागं ठेवला की सिग्नलबरोबर मुंग्याही वाढायच्या. चपट्या तारेतून खाली येताना सिग्नल झिजतो, आणि पावसात तार भिजली की जास्तच. म्हणून तो पाइपवर, अँटेन्याला लागूनच हवा. त्याला वीज पुरवणारी डबी तेवढी खाली. आमच्या गल्लीतला टीव्ही दुरुस्तीवाला हे जीव तोडून सांगायचा. मी त्याच्याकडूनच शिकलो आणि तेव्हापासून विजेच्या कामाची गोडी लागली, ती आजही आहे.

आता डिश कुणीतरी येऊन बसवून जातं. ती कुठं बघते, हे घरात कुणी विचारत नाही. आई कधी छपरावर चढली नाही, पण सिंहगड आमच्या कुठल्या खिडकीच्या रोखानं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.